धातुकामाच्या छोट्या कारखान्यातली सुरक्षा: मास्कच्या आधी काय?

ऐरण (धागाकर्ता)

चार-पाच जण एकाच खोलीत बसून काम करतात, असा कारखाना डोळ्यासमोर ठेवून धागा काढतोय. तांब्या-पितळेची ठोकाई, मठारणं, झाळकाम (झाळ वितळवून सांधे जोडणं), कल्हई, तेजाबात उजळणं, शेवटी बफ. अधूनमधून पितळेचं ओतकाम. अशा ठिकाणी सुरक्षा म्हणजे मास्कचा एक खोका आणि हातमोज्यांचे दोन जोड. ते आणले की विषय मिटला. त्यातले हातमोजे नेमके नको तिथे घातले जातात आणि मास्क हनुवटीवर असतो.

प्रश्न असा आहे की फार मोठा खर्च न करता क्रम कसा लावायचा? कुठलं काम आधी बदलायचं, कुठली सवय मोडायची? 'काळजी घ्यावी' छापाचे सल्ले नकोत. आकडे, अंतरं, पदार्थांची नावं द्या.

लालभट्टी

एका दिवसात जीव घेऊ शकतं ते आधी बघा. वीस वर्षं झिजवतं ते नंतर. पहिल्या यादीत पाच गोष्टी येतात: कॅडमियमची झाळ, शोऱ्याच्या तेजाबाचा (नायट्रिक ॲसिडचा) तपकिरी धूर, बंद खोलीतला कोळसा, गळणारा गॅस आणि रसाला, म्हणजे वितळलेल्या धातूला, लागलेलं पाणी. दुसऱ्या यादीत शिसं, आवाज, वाळूची धूळ, मनगट-खांदे.

पहिल्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींवर साधा मास्क शून्य कामाचा आहे. मास्कपासून सुरुवात केली की गाडी चुकते ती इथेच.

कॅडमियमबद्दल सविस्तर लिहितो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. चांदीच्या झाळेत कॅडमियम घातलं की ती कमी तापमानाला वितळते आणि पाण्यासारखी पसरते, म्हणून कारागिरांना आवडते. सोनारकामातलं 'केडीएम' म्हणजेही कॅडमियमच. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळतं. टॉर्चची ज्योत थेट झाळेवर धरली की तेवढं तापमान चुटकीसरशी ओलांडलं जातं. निघणारी वाफ त्या क्षणी फार त्रास देत नाही. घसा जरासा खवखवतो. मग काही तासांनी ताप, छातीत आवळल्यासारखं, धाप. फुफ्फुसात पाणी भरून माणूस दगावू शकतो. लांब पल्ल्यात मूत्रपिंडं जातात, शिवाय कॅडमियम कर्करोगकारक म्हणून सिद्ध आहे.

यावर पंखा किंवा मास्क हा उपाय नाही. ती झाळ कारखान्यातून बाहेर काढणं, एवढाच उपाय. पाकिटावर 'कॅडमियममुक्त' लिहिलेलं आणि घटक छापलेलं असेल तरच घ्या. सुटी, बिनलेबलाची, 'फार पटकन वाहते' म्हणून विकली जाणारी पट्टी परत करा. तांब्याला तांबं जोडायचं असेल तर तांबं-फॉस्फरसची सळई आहेच, तिला फ्लक्सही (सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) लागत नाही. पितळ आलं की फ्लक्स लावावा लागतो. लोखंडावर मात्र ती वापरू नका, सांधा ठिसूळ होतो.

कानस

सगळं बरोबर, पण पितळ ओतणाऱ्यांना ताप येतो तो जस्ताचा. तो तर रात्रीत उतरतो. दूध प्यायचं आणि झोपायचं, असंच सगळीकडे सांगतात.

श्वासमात्रा

दुधाने काहीही होत नाही. धूर फुफ्फुसात गेलेला असतो, दूध पोटात जातं. ताप आपोआप उतरतो आणि श्रेय दुधाला मिळतं.

जस्ताचा ताप ओळखायचा कसा? कामानंतर साधारण ४ ते १० तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव. एक-दोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेणाऱ्याला शरीर तात्पुरतं सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप जोरात येतो. 'आता सवय झाली' याचा अर्थ धूर कमी झाला असा नाही.

खरा धोका वेगळाच आहे. कॅडमियमच्या विषबाधेची सुरुवात अगदी अशीच दिसते. ताप, अंगदुखी, खोकला. म्हणून धातूच्या धुरानंतर ताप आला आणि सोबत धाप लागत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी बरं वाटण्याऐवजी वाईट वाटत असेल, तर 'जस्ताचाच असेल' म्हणून घरी पडून राहू नका. डॉक्टरांना 'धातूचा धूर' एवढंच न सांगता कुठली झाळ वापरली ते पाकिटासकट सांगा.

लालभट्टी

त्याला जोडून. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ वितळतंच त्याच्या आसपास. ओतण्याजोगा रस करायला आणखी वर जावं लागतं, म्हणजे जस्त उडणारच. किती उडेल ते आपल्या हातात आहे. मुशीवर तोंडाशी पांढरे, कापसासारखे धागे तरंगताना दिसले की रस जास्त तापलाय. मोजणीशिवाय, रंगावर अंदाज बांधणाऱ्याच्या हातून हे हमखास होतं. जुळणारा थर्मोकपल (तापमान मोजणारी सळी) असेल तर रस दर वेळी एकाच तापमानाला उतरवता येतो, शिवाय जस्त उडणं कमी झाल्याने ओतीव मालही एकसारखा निघतो.

रसावर टाकणखाराचा किंवा काचेच्या भुकटीचा थर ठेवा. जस्त नव्याने घालायचं असेल तर सर्वांत शेवटी, तापवून कोरडं केलेलं, आणि चिमट्याने रसाच्या पोटात बुडवून. वरून टाकलेला तुकडा रसावर जळतो, निम्मा हवेत जातो.

मोजपट्टी

धूर ओढण्याबद्दल लिहितो, कारण पैसे वाया जातात ते इथेच. भिंतीत मोठा पंखा बसवला, कारागीर भिंतीकडे पाठ करून बसला. आता धूर त्याच्या कामावरून निघून चेहऱ्यावरून पंख्याकडे जातो. पंखा नसता तर निदान वर तरी गेला असता.

डोक्यावरचं छत्रीसारखं धुराडं भट्टीला ठीक आहे, कारण भट्टीवर कोणी वाकत नाही. झाळकामाला ते वाईट. माणूस कामावर वाकतो, धूर वर चढतो, मध्ये नाक.

झाळकामाला धूर बाजूने किंवा समोरून ओढा, नळीचं तोंड कामाच्या अगदी जवळ. किती जवळ ते आकड्यात सांगतो. नळीच्या तोंडापासून एका व्यासाएवढं लांब गेलं की ओढीचा वेग तोंडावरच्या साधारण दहाव्या भागावर येतो. २० बाय २० सेंटिमीटरचं चौकोनी तोंड धरा आणि धूर पकडायला कामाच्या जागी अर्धा मीटर प्रतिसेकंद वेग हवा असं धरा. तोंड १५ सेंटिमीटरवर असेल तर ताशी सुमारे ४८० घनमीटर हवा ओढावी लागते. ३० सेंटिमीटरवर तेच काम ताशी सुमारे १,७०० घनमीटर मागतं. अंतर दुप्पट, हवा साडेतीन पट. म्हणून मोठ्या पंख्याच्या आधी वाकवता येणारी नळी घ्या. तोंडाभोवती चार बोटं रुंद सपाट पत्र्याची कड लावली तर मागची फुकटची हवा ओढली जात नाही, साधारण पाव भाग बचत होते.

पात्यांचा भिंतीवरचा पंखा नळीला जोडू नका. नळीच्या अडथळ्यापुढे तो दम टाकतो. त्यासाठी गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर लागतो.

तपासायचं कसं? पेटती उदबत्ती कामाच्या जागी, सांध्याच्या उंचीवर धरा. धूर वळून सरळ नळीच्या तोंडात गेला तर ठीक. डुलला, वर गेला, नाकाकडे आला तर जागा बदला. हे दार उघडं आणि बंद, छताचा पंखा चालू आणि बंद, अशा चारही स्थितींत करा. छताचा पंखा चालू असताना बहुतेक मांडण्या नापास होतात.

आणि हो, हवा बाहेर जाते तेवढी आत यायलाही वाट हवी. सगळं बंद करून ब्लोअर लावला तर तो कोळशाच्या भट्टीचं धुराडं उलटं ओढतो.

लालभट्टी

शेवटची ओळ अधोरेखित करा. फुललेल्या निखाऱ्यांना धूर नसतो, वास नसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. कार्बन मोनॉक्साइड तेव्हाच भरपूर निघत असतो. दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळलं, तर ते जागरण नव्हे. बाहेर पडा. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ही या यादीतली सर्वांत स्वस्त जीवरक्षक वस्तू आहे.

घडवंची

तेजाबाचं काय? पितळ उजळायला शोऱ्याच्या तेजाबाला पर्याय नाही असं सगळे म्हणतात.

श्वासमात्रा

आधी धोका सांगतो, पर्याय कोणीतरी लिहील. तांबं-पितळ शोऱ्याच्या तेजाबात बुडवलं की तपकिरी धूर येतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. थोडा खोकला येतो, थांबतो, माणूस पुढचा घाणा बुडवतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. तपकिरी धूर चांगलाच ओढला गेला असेल तर 'आत्ता बरं आहे' याला अर्थ नाही, त्याच दिवशी दवाखान्यात देखरेखीखाली राहायला हवं. कापडी मास्क, एन-९५ यातून वायू सरळ आत जातो. आम्लवायूचं साधं कार्ट्रिजही या वायूला भरवशाचं नाही.

कानस

पर्याय आहेत, फक्त संयम लागतो. झाळकामानंतरचा काळेपणा काढायला एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम सिट्रिक ॲसिड, ६० अंशांच्या आसपास गरम ठेवायचं. १० ते २० मिनिटं लागतात, शोऱ्याच्या तेजाबाला काही सेकंद लागतात. फरक तेवढाच. सोडियम बायसल्फेटचं द्रावणही चालतं आणि जरा वेगाने चालतं.

पितळ गुलाबी निघतं ही नेहमीची तक्रार. वर तांब्याचा पातळ थर उरलेला असतो. ताजं सिट्रिक द्रावण छोट्या वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं घाला, गुलाबीपणा जातो. हे द्रावण झाकण घट्ट लावून साठवू नका, वायू धरतो. दिवसाचं त्या दिवशी वापरायचं. कुठल्याही आम्लात लोखंडी चिमटा घालायचा नाही, नाहीतर सगळ्या मालावर तांबं चढतं. तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा.

आणि गरमागरम भांडं तेजाबात 'चुर्रर्र' करून बुडवणं ही एक भयंकर सवय. रंग चांगला येतो म्हणे. उडालेले थेंब डोळ्यात आणि बारीक तुषार छातीत. आधी पाण्यात थंड करा, मग आम्लात.

मोजपट्टी

जिथे शोऱ्याचं तेजाब टाळताच येत नाही तिथे: उघड्यावर, वारा पाठीवरून कामाकडे वाहत असताना, जाड निओप्रीनचे किंवा ब्युटाइलचे लांब हातमोजे. पातळ निळे नायट्राइल तीव्र तेजाबाला टिकत नाहीत. पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी कधीच नाही. सांडलेलं पुसायला लाकडाचा भुसा किंवा चिंध्या वापरू नका, पेट घेऊ शकतात. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटं, पापण्या उघड्या धरून. त्यासाठी नळाला जोडलेली मऊ धारेची नळी हाताशी हवी, बाटलीतलं पाणी पुरत नाही. वापरलेल्या तेजाबात धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घाला, फसफसणं थांबेपर्यंत. खाली निळा-हिरवा गाळ बसतो, तो गटारात जाऊ देऊ नका.

ऐरण

पहिल्या यादीतलं रस आणि पाणी राहिलं.

लालभट्टी

पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,६०० पट होतं. रसाखाली अडकलेला चमचाभर ओलावा अख्खी मूस तोंडावर उडवतो. उलट रसावर पडलेला थेंब बहुधा चर्र करून जातो, त्यामुळे लोकांना वाटतं पाण्याला घाबरायचं कारण नाही. धोका *खालच्या* पाण्याचा: ओला साचा, मळी काढायचा थंड झारा, लगडीचा साचा, मोडीतला पोकळ तुकडा. बंद नळी, तोटीचा मुठीसारखा भाग, दोन्हीकडून झाळलेली मूठ हे सगळं आधी फोडून, तापवून मगच मुशीत.

सिमेंटची फरशी कोरडी दिसली तरी तिच्यात पाणी असतं. रस सांडला की फरशीच फुटून उडते. ओतण्याच्या जागी दोन-तीन इंच कोरड्या वाळूचा थर. आगीसाठीही तिथे वाळूच ठेवा, पाण्याची बादली नको. कपडे सुती, लोकरी किंवा चामड्याचे. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पायजमा बुटाच्या बाहेर, आत खोचलेला नको, नाहीतर बूट म्हणजे रस धरायचं भांडं. नाडीचे बूटही नकोत, पटकन काढता येत नाहीत.

घडवंची

हातमोजे ओतकामाला चामड्याचे, तेजाबाला रबरी. मग बफवर कुठले?

कानस

कुठलेच नाहीत. बफ फिरताना हातमोजा ओढला गेला की बोटं सोबत जातात. गळ्यातलं उपरणं, ओढणी, मोकळे केस, अंगठी, सगळं बाजूला. वस्तू तापली तर थांबा, पाण्यात बुडवा, पुन्हा घ्या. चाक आपल्याकडे खाली फिरत असतं, म्हणून वस्तू मध्यरेषेच्या खाली धरायची आणि तिची कड खालच्या दिशेने. वरची कड चाकाला दाखवली की चाक ती हिसकावतं आणि छातीवर फेकतं. साखळी बोटाला गुंडाळून बफ करू नका. लाकडाच्या गोल तुकड्यावर ताणून धरा आणि थोडी-थोडी सरकवा.

सहाणेच्या चाकाचं थोडक्यात: बसवण्याआधी टांगून लाकडी मुठीने टिचकी मारा. खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर तडा. टेकू चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, वरची जीभ ६ मिलिमीटरपेक्षा. सुरू केल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहायचं, समोर नाही.

श्वासमात्रा

आता झिजवणाऱ्या गोष्टी. आवाजाबद्दल अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस सोपी आहे. ८५ डेसिबलला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. ऐरणीवरची तांब्याची ठोकाई सहज शंभरीच्या पलीकडे जाते. दोन सारखे आवाज एकत्र आले की ३ डेसिबल वाढतात, चार आले की ६. म्हणून कोपऱ्यात बसून कल्हई करणारा, ज्याने दिवसभरात हातोडा उचललेला नाही, त्याचेही कान जातात.

फोनमधल्या ॲपवर विसंबू नका. ठोक्याचा क्षणिक उंच आवाज फोनचा माइक कापून टाकतो, आकडा कमी दाखवतो.

कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी. फोमचे प्लग नीट घातले तरच उपयोगी: बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचे. आपला आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला पाहिजे. पाकिटावरच्या आकड्याच्या निम्माच हिशेबात धरा. श्रवण तपासणी सकाळी, कामाच्या आधी. ४,००० हर्ट्झच्या आसपास खळगा दिसला तर तो ठोक्यांचा, वयाचा नव्हे.

कानस

प्लगच्या आधी आवाज मारता येतो. ऐरण लाकडाच्या जाड ओंडक्यात घट्ट बसवलेली हवी. सैल ऐरण घंटेसारखी वाजते. शिंगाला साखळी गुंडाळा किंवा पोटाखाली मोठं लोहचुंबक चिकटवा, खणखण लगेच बसते. भांडं स्वतःही वाजतं. त्याच्या काठाला चामड्याचा पट्टा आवळा. आकार द्यायचं काम लाकडी मोगरीने वाळूच्या पिशवीवर करा, लोखंडी हातोडा फक्त मठारायला ठेवा. ठोकेही कमी लागतात, मनगटही वाचतं.

हातोड्याच्या डोक्याची कड छत्रीसारखी पसरली असेल तर आजच घासून टाका. तीच चकती तुटून डोळ्यात जाते. चष्मा सगळ्यांनाच, शेजारच्यालाही.

घडवंची

कल्हईत नवसागराचा धूर सोडला तर बाकी धोका नाही ना? कथिल तर निरुपद्रवी.

मोजपट्टी

कथिल *असेल* तर. स्वस्त कांडीत शिसं मिसळलेलं असतं आणि ते थेट खाण्याच्या भांड्यात जातं. कारागिराच्या हातातून तोंडात आणि कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंतही. कांडी वाकवून 'कुरकुर' ऐकू येते ती कथिलाची खूण, पण थोडी भेसळ असली तरी ती येते. वजन करून बघा, जास्त खरं.

०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी कांडी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. कांडी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला-कडेला टेकू देऊ नका. काटा दाखवेल तितके ग्रॅम म्हणजे तितके मिलिलिटर आकारमान. दर १०० ग्रॅमला शुद्ध कथिल १३.७ दाखवतं, १० टक्के शिसं असेल तर १३.२, ४० टक्के असेल तर ११.८. एक टक्क्याची भेसळ या काट्यावर कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी.

नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतं. डोळे चुरचुरतात म्हणून माणूस निदान मागे तरी सरतो. शिसं काहीच सांगत नाही.

श्वासमात्रा

शिशाशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाची रक्ततपासणी करा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शिका सांगते की ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त निघालं तर स्रोत शोधून संपर्क थांबवायचा. हात धुतल्याशिवाय खाणं नाही, बिडी नाही, तंबाखू मळणं तर नाहीच. कामाचे कपडे कामावरच. झाडू कोरडा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. साच्याच्या वाळूलाही हाच नियम. तिच्यातला फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारा सिलिकाचा कण डोळ्याला दिसतच नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवणारे ती फक्त नाकाच्या उंचीवर आणतात.

मास्कची पाळी इथे येते. वाळू आणि बफच्या धुळीला एन-९५, शिशाच्या धुराला पी-१०० फिल्टरचा रबरी मास्क. दाढी असेल तर दोन्ही गळतात.

घडवंची

कथिलाची कांडी आत्ताच तोलली. १०० ग्रॅमला १४.६ आलं. शुद्धापेक्षाही हलकं?

मोजपट्टी

कांडीला बुडबुडे चिकटलेत, किंवा ओतताना आत पोकळी राहिली आहे. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, कांडी हलवून बुडबुडे झटका आणि पुन्हा बघा. तरी तेच आलं तर कांडी मधोमध कापा आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे तोला.